निबंधाचा पंचनामा

राजगडावर मी पहिल्यांदा गेले ती आमच्या पडवीत, पोत्यावर पालथी पडून, हातात शाईचं पेन घेऊन. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळा चढ तासाभरात आटोपला. त्यातही निम्मा वेळ पेन झटकण्यात गेला. मी सातवीत होते. तालुक्याची निबंध स्पर्धा होती आणि विषय होता 'आमची अविस्मरणीय सहल'. आता सहल अविस्मरणीय असायला आधी सहल असावी लागते, आणि आमच्या घरात तो प्रकार नव्हता. विंझरच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, आमची वाडी. अंगणात उभं राहून मान इकडे वळवली की तोरणा, तिकडे वळवली की राजगड. पण गडावर जायचं ते पुण्याच्या लोकांनी, पाठीला पिशव्या लावून. आमच्यासाठी गड म्हणजे पाऊस कुठून येतोय ते बघायची जागा. तोरण्यानं डोकं झाकलं की आई वाळवण आत घ्यायची, आणि आमचा गडाशी संबंध तिथंच संपायचा.

तेव्हा मी सतरा वाक्यांत आमच्या कुटुंबाला सहलीला नेऊन आणलं. आज मी भोरच्या शाळेत मराठी शिकवते आणि दर वर्षी पोरांना हाच निबंध घालते. शेळीच्या मागे फिरणारी पोरं बिनदिक्कत विमानात बसून येतात. मी लाल पेन उचलते आणि परत खाली ठेवते. कोणत्या तोंडानं खोडू? मी तर एका दिवसात भोरचा राजवाडा, राजगड आणि नसरापूरचं बनेश्वर उरकलं होतं, आणि तेही ह्याच क्रमानं. आमच्याकडून भोरला जाताना बनेश्वर आधी लागतं, हेसुद्धा ध्यानात घेतलं नव्हतं. मला वाक्यं चढत्या लयीत हवी होती. भूगोल माझा कच्चा होता, पण लय पक्की होती.

निबंधाला तालुक्यात पहिला नंबर आला. सोमवारी तालुक्याचे साहेब शाळेत येऊन बक्षीस देणार होते. गुरुजींना एवढा आनंद झाला, की शनिवारी संध्याकाळी देवळात भजनाला माणसं जमली तेव्हा त्यांनी टाळ थांबवून अख्खा निबंध मोठ्यानं वाचून दाखवला. पहिल्या रांगेत आण्णा बसले होते.

आण्णा म्हणजे माझे वडील, गावचे पोलीस पाटील. बांधावरून भांडण असो, विहिरीत पडलेली म्हैस असो, आण्णा बगलेत वही घेऊन जायचे आणि जागच्या जागी पंचनामा लिहायचे. दोन पंच, सगळं समक्ष, आणि न पाहिलेला एक शब्द नाही. झालेलं आणि न झालेलं ह्यांच्यामध्ये त्यांच्या मनात एक बांध होता आणि तो बांध ते कुणाला बोटभरही कोरू देत नसत. त्या माणसानं देवळात बसून ऐकलं, की आपण सहकुटुंब राजगडावर जाऊन आलो. त्यांच्या बायकोनं गडाच्या नेढ्यात बसून गाणं म्हटलं. नेढं म्हणजे सुवेळा माचीवरच्या कातळाला आरपार पडलेलं भोक. आणि सोळावं वाक्य असं होतं: 'बनेश्वरच्या धबधब्याखाली आमचे आण्णा लहान मुलासारखे नाचले.' ह्या वाक्याला पखवाजवाल्याला ठसका लागला. बाकीचे लोक देवाकडे बघत राहिले.

रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे भाताच्या वाफेचा आणि आण्णांच्या गप्प बसण्याचा, असे दोनच वास होते. मी पहिला घास घेतला आणि ते म्हणाले, "नंदे, ही सहल कंदी झाली?"

मी दुसरा घास कालवायला घेतला.

नानाकाका मदतीला धावला. नानाकाका म्हणजे आण्णांचा धाकटा भाऊ, गावचं दूध टेम्पोतून डेअरीला घालायचा आणि जाता-येता दोन्हीकडच्या बातम्या फुकट वाहायचा. "आण्णा, आवो निबंध हाय त्यो. निबंधात समदेच थापा मारत्यात."

"मग तसं वर लिवायचं. थापा म्हणून."

"पोरीचा पयला नंबर आलाय, त्ये न्हाई का बघायचं?" ही आत्या. आण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची. अंगानं ऐसपैस, दम्यानं बेजार, आणि गावात आण्णांना 'बाळू' म्हणणारी एकटीच. "बाळू, जेव आधी."

"आक्का, देवळाभायेर मला चौघांनी इचारलं, पाटील कंदी गेलता? म्या गप बसलो. गप बसनं बी खोटंच असतंय." आण्णांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, म्हणजे बोलणं आता कायम झालं. "दोन वाटा हायती. सोमवारी सायबाच्या म्होरं हुबं ऱ्हायाचं आन सांगायचं, ह्यातलं कायबी झालं न्हाई, बक्षीस नको. न्हाईतर..." ते नानाकाकाकडे वळले. "टेम्पो उद्या मोकळा हाय का?"

"सकाळचं दूध शेजारचा नेईल की. का?"

"निबंध खरा करायचा. सतरा वाक्यं हायती. सतराच्या सतरा, लिवलीत त्याच वळीनं. एक जरी ऱ्हायलं, तर नंदी सोमवारी हुबी ऱ्हाईल."

आई तव्याजवळून म्हणाली, "आमटी गार व्हतीया." पण तिची भाकरी करपली होती. हे तिच्या हातून कधी होत नसे.

मला झोप लागली नाही. खोटं सापडल्याची लाज होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंदच होता. उद्या आपण जाणार! मी लिहिलं म्हणून जाणार! जगात किती लेखकांच्या नशिबी हे असतं? मग सोळावं वाक्य आठवायचं आणि मी गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायची. त्याबद्दल घरात कुणी अक्षर काढलं नव्हतं. आईच्या गाण्याबद्दलही नाही.

पहिलं वाक्य होतं, 'आम्ही कोंबडा आरवण्यापूर्वी निघालो.' आमचा कोंबडा म्हणजे घड्याळाचा शत्रू, मनात येईल तेव्हा आरवायचा. आण्णांनी झोपतानाच त्याला डालग्याखाली घातलं, वर दोन पोती टाकली आणि त्यावर पाटा ठेवला. पहाटे चारला आम्ही टेम्पोत चढलो तेव्हा पोत्याखालून कुणीतरी घसा खाकरत असल्यासारखा आवाज आला.

"आरवला!" आत्या म्हणाली.

"खाकारला," नानाकाका म्हणाला. "आरवनं येगळं."

आण्णांनी विजेरीच्या उजेडात कागदावर काहीतरी लिहिलं. दिवसभर ते तेच करणार होते. माझा निबंध गुरुजींकडून मागून आणला होता आणि त्याला जोडून त्यांच्या पंचनाम्याचा कोरा कागद. पंच म्हणून आत्या आणि नानाकाका.

तिसरं वाक्य होतं, 'आईने डब्यात आठ प्रकार घेतले होते.' टेम्पोत दुधाचा आंबूस वास, रिकाम्या कॅनचा खडखडाट, आणि मधे आईची पितळी डब्यांची चळत. आण्णांनी मोजलं. तांदळाच्या भाकरी, पिठलं, ठेचा, लोणचं, दही, कांदा, गूळ-शेंगदाणे आणि मीठ.

"मीठ हा परकार हाय का?"

"उद्यापास्नं तुमच्या पिठल्यात घालत न्हाई," आई म्हणाली. "मग कळंल हाय का न्हाई."

आण्णांनी आठ लिहिले.

नसरापूर आलं तेव्हा अजून अंधार होता. बनेश्वरच्या झाडीचा थंड वास टेम्पोत शिरला आणि आईनं हात जोडले. "अवो, देवाच्या दारावनं चाललोय. पाच मिंटं थांबा की."

"येताना. निबंधात शेवटी हाय."

"देवाला काय वाटंल?"

"देवाला मी सांगतो. तू नंदीला इचार, तिनं का असं लिवलं."

मी कॅनमागे दडले. लय साधायला लिहिलं, हे सांगायचं माझं धाडस झालं नाही.

भोरला पोचलो तेव्हा राजवाड्याचा दरवाजा बंद होता. निबंधात होतं, 'राजवाडा पाहून माझे डोळे दिपले.' आम्ही पाचजण ओळीनं दरवाज्याकडे बघत उभे राहिलो. आण्णांनी विचारलं, "दिपलं का?" मी प्रामाणिकपणे डोळे ताणले. काहीच होईना. नानाकाकानं हळूच जाऊन टेम्पोचे दिवे लावले आणि ते थेट माझ्या तोंडावर आले. "दिपलं!" तो ओरडला. "टेम्पोनं दिपलं," आण्णा म्हणाले, "वाड्यानं दिपायला पायजेत." एवढ्या गलक्यानं आतून राखणदार आला. कानाला मफलर, हातात चहाचा कप. आण्णांनी आपला हुद्दा सांगितला आणि प्रकरण समजावून दिलं. राखणदारानं सगळं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पोरगी खोटं लिवती व्हय? या मग आत. धा मिंटं, जास्त न्हाई."

आत चौक होता. लाकडी खांब, खांबांच्या माथ्यावर कोरलेली पानं-फुलं, आणि वर नुकतं फटफटलेलं आभाळ. मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते, की लाकूड जाळायला आणि नांगर करायलाच नसतं. उजेड वरून हळूहळू खाली उतरला, एकेक पान दिसायला लागलं, आणि मी तोंड उघडं टाकून फिरत राहिले. दहा मिनिटांची वीस झाली. बाहेर आल्यावर आण्णांनी काही विचारलंच नाही. कागदावर खूण केली. ती खूण मी वाकून दोनदा बघितली. माझं वाक्य खरं झालं होतं, आणि खरं झाल्यावर ते माझ्या लिहिण्यापेक्षा कितीतरी मोठं निघालं होतं.

कापूरहोळची कांदाभजी हे वाक्य सोपं होतं. ढाब्यावर आत्यानं दोन प्लेटा एकटीनं खऱ्या केल्या. मग परत नसरापूर, परत मार्गासनी, आणि तिथून गडाच्या पायथ्याच्या पाल गावचा रस्ता. ऊन वर आलं होतं. भात पोटरीला आलेला, बांधावर तेरडा गुलाबी झालेला, आणि समोर राजगड असा सरळ अंगावर येत होता, की आपल्या अंगणातून दिसतो तो हाच का, असं वाटावं. आजकाल शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग मार्गासनीपर्यंत लागते. तेव्हा आम्ही आणि एक बैलगाडी.

नववं वाक्य: 'गड चढताना आत्या सगळ्यांच्या पुढे होती.' हे मी का लिहिलं, ते माझं मलाच ठाऊक नाही. बहुधा विनोद म्हणून. पायथ्याशी आत्यानं कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "भवाने," ती म्हणाली, "लिवायला बोटं लागत्यात. चढायला ढोपरं लागत्यात."

मग असं ठरलं, की आत्या पुढे, आणि बाकी सगळे तिच्या मागे, ती चालेल तसे. ती दहा पावलं चढायची आणि बसायची, की आम्हीही दहा पावलं चढून बसायचो. खालून पुण्याची पोरं आली, "मावशी, जरा वाट द्या," म्हणाली. आण्णा आडवे आले. "थांबा. आक्का पुढं पायजे." "पण आम्ही तुमच्यातले नाही ना, काका!" आण्णांनी विचार केला. निबंधात 'सगळ्यांच्या' असं होतं, सगळे म्हणजे कोण ते नव्हतं. पोरांना सोडलं, पण ती गोष्ट कागदावर नोंदली. तिसऱ्या बसकणीनंतर मात्र आत्याला काय झालं कोण जाणे. पदर खोचला, वहाणा हातात घेतल्या, आणि "बाळू, लहानपनी करवंदाला जाताना कोन पुढं असायचं रं?" असं विचारत ती निघालीच. दम्याची शिट्टी आणि तिची बडबड, दोन्ही एकदम ऐकू यायची. पाली दरवाज्यात ती पोचली तेव्हा खरंच पहिली होती. आम्ही थांबलो होतो म्हणून नाही. दरवाज्याच्या दगडावर थाप मारून तिनं आल्याची वर्दी दिली आणि तिथंच बसून तासभर कुणाशी बोलली नाही. श्वास होता कुठं?

पद्मावतीच्या देवळाजवळ आम्ही आठ प्रकार खाल्ले. वाऱ्यानं भाकरीचा पापुद्रा उडत होता. खालच्या गावची एक बाई मडक्यात ताक घेऊन बसली होती. आत्याला तिच्या शेजारी ठेवलं आणि आम्ही चौघं सुवेळा माचीकडे निघालो.

इथं मला आईबद्दल सांगायला हवं. माझ्या लहानपणी आमच्याकडे जातं होतं. पहाटे झोपेत घरघर ऐकू यायची आणि घरघरीच्या वर आईचा आवाज, ओव्यांचा. मी गोधडीतून तोंड न काढता ऐकायची. दिवसा ती कधी गात नसे. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला बायकांच्या जागरणात तिनं गाणं म्हटलं होतं आणि कुणीतरी म्हणालं होतं, पाटलाच्या सुनेचा आवाज पार चावडीपर्यंत जातो. बस. मग विंझरला गिरणी आली, जातं परसात पालथं पडलं, आणि आईचा आवाज कायमचा थांबला. चार वर्षं मी तो ऐकला नव्हता. निबंधात मी तिला नेढ्यात बसवून गायला लावलं ते थाप मारायला नव्हे. ते मला हवं होतं. एवढं एकच वाक्य मी लय न बघता लिहिलं होतं.

नेढ्याजवळचा चढ कातळाचा. नानाकाकानं मला ओढलं, आण्णांनी आईला हात दिला. बारा-तेरा वर्षांत मी त्यांना एकमेकांचा हात धरताना प्रथमच पाहिलं, आणि दोघांनीही ते मी पाहू नये म्हणून दुसरीकडे पाहिलं. आत दोन कॉलेजची पोरं बिस्किटं खात बसली होती. आत्या खाली राहिल्यानं एक पंच कमी पडत होता, म्हणून आण्णांनी वही काढली. "नाव? गाव? वय?" पोरांचा चेहरा उतरला. "काका, आम्ही काही केलं नाही."

"करू नका. फकस्त ऐका."

नेढ्यातून वारा शीळ घालत होता. एका बाजूला आमची वेल्ह्याकडची खाचरं, दुसऱ्या बाजूला भोरकडचे डोंगर आणि लांब भाटघरच्या पाण्याची चकाकी. आई कातळावर बसली. आण्णा पेन उघडून उभे. आम्ही वाट पाहिली.

"म्या म्हननार न्हाई," आई म्हणाली.

 दहा वाक्यं खरी झाली होती. सोमवारी साहेब, गुरुजी आणि सगळ्या वर्गासमोर मी उभी आहे, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

"का?" आण्णा.

"परक्या मानसांम्होरं? पाटलाची बायको?"

"मग नंदीला सांगावं लागंल."

"लागंल तर लागंल." आईनं पदर डोक्यावर ओढला. मग एकदम वर पाहून म्हणाली, "तुमी समदा निबंध वाचलाय न्हवं? शेवटाकडनं दुसरं वाक्य वाचलंय का?"



"वाचलंय," आण्णा म्हणाले.

"मग? त्ये बी व्हनार हाय का बाईमानसांचंच तेवढं?"

आण्णांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "लिवलंय," ते म्हणाले, "त्ये लिवलंय. व्हनार."

 मग आईनं आमच्याकडे पाठ केली, भोरच्या बाजूला तोंड केलं. तिचं माहेर तिकडं, त्या पाण्याच्या अंगाला होतं. आणि ती म्हणाली:

*सांगते बाई वाऱ्या, जा तू माझ्या माहेराला*
*लेक तुमची बसली, सांग, गडाच्या उंबऱ्याला*

ही ओवी मी कधी ऐकली नव्हती. तिनं तिथंच जुळवली असणार. आवाज आधी चिरकला, मग सापडला, आणि मग त्या कातळाच्या भोकातून असा निघाला, की चावडी काय, तो भोरपर्यंत गेला असेल. पोरांच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं. मी आण्णांकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. दोन ओव्या झाल्या तरी ते काही लिहीत नव्हते.

"आण्णा," नानाकाका कुजबुजला, "खूण करा की."

"थांब जरा," आण्णा म्हणाले. "संपलं न्हाई अजून."

उतरताना आम्ही आत्याला ताकवालीपासून सोडवली. दोघींचं घराणं जुळत आलं होतं. आम्ही गड उतरलो. उन्हं कलली. टेम्पोत कुणी सोळाव्या वाक्याचं नाव काढेना. फक्त आई गुणगुणत होती, अगदी बारीक, कॅनच्या खडखडाटाखाली.

बनेश्वरला पोचलो तेव्हा झाडीत संध्याकाळ उतरली होती. आईनं सकाळचं राहिलेलं दर्शन दुप्पट वेळ घेतलं. कुंडातले मासे बघून झाले, घंटा वाजवून झाली. मग मागच्या वाटेनं ओढ्याकडे. पाऊस सरला तरी पाणी जोरात होतं आणि एका बाजूनं खडकावरून दीड पुरुष उंच धार पडत होती. चारपाच कुटुंबं होती, आणि नसरापूरचा एक माणूसही, आण्णांना ओळखणारा. "रामराम पाटील! इकडं कुठं?"

"कामानं आलोय," आण्णा म्हणाले. त्यांनी टोपी आईकडे दिली, सदरा घडी घालून नानाकाकाकडे दिला, कागद आत्याकडे दिला आणि धोतराचा काचा मारून ते धारेखाली जाऊन उभे राहिले. ताठ. झेंडावंदनाला उभे राहतात तसे. पाणी डोक्यावर आपटत होतं आणि मिशा खाली लोंबत होत्या.

"ह्ये नाचनं न्हाई बाळू," आत्या म्हणाली. "ह्ये आंघूळ झाली."

आण्णांनी एक पाय उचलला. खाली शेवाळ होतं. पाय सरकला, दोन्ही हात हवेत गेले, दुसरा पायही सरकला, आणि आमचे आण्णा तीन-चार क्षण असे काही हलले, की नसरापूरचा माणूस टाळ्या वाजवू लागला. मग ते खडकाला धरून सावरले.

"नाचले!" नानाकाका ओरडला. "म्या पाह्यलं! आक्का, तू बी पाह्यलंस न्हवं?"

मीही ओरडणारच होते. सुटले होते मी! पण आण्णा धारेखालून म्हणाले, "घसरलो. घसरनं म्हंजे नाचनं न्हवं." आणि मग त्या माणसानं, ज्याला हसताना मी वर्षातून दोनदा पाहायची, दोन्ही हात कमरेवर ठेवले. तरुणपणी ते गावच्या लेझीम पथकात होते, हे मला आत्यानं सांगितलं होतं, पण मी ते आत्याच्या इतर गोष्टींत टाकलं होतं. हातात लेझीम नव्हतं. ते हवेतच धरून त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. नानाकाका टेम्पोकडे पळाला आणि रिकामा कॅन घेऊन आला. ढण्-ढण्, ढण्-ढण्. आण्णा वाकले, उठले, उजवीकडे वळले, डावीकडे वळले, पाणी त्यांच्या दंडांवरून सगळीकडे उडू लागलं, आणि चौथ्या हाताला ते हसायला लागले. लोक जमले. आई तोंडाला पदर लावून खडकावर बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मी धारेखाली केव्हा गेले, मला आठवत नाही. निबंधात मी नाचल्याचं वाक्य नव्हतं. आण्णांनी ते चालवून घेतलं.

सोमवारी साहेब आले. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या आणि देवळातली सगळी भजनी मंडळी काहीतरी निमित्त काढून हजर होती. पखवाजवाला पुढेच बसला होता. साहेबांनी बक्षिसाची वही-पेनं हातात घेतली, निबंधावर नजर टाकली, आणि चष्मा खाली केला. "काय ग मुली? आधी भोर, मग राजगड, मग मागं फिरून बनेश्वर? एका दिवसात? असं कुणी जातं का? हे मनचं लिहिलंय ना?"

मी तोंड उघडलं. सगळं खरं होतं आणि मला एक शब्द सुचेना. खोटं लिहिताना पेन कसं भराभर चाललं होतं!

मागून खुर्ची सरकली. आण्णा उभे राहिले. बगलेतून वही काढली. "साहेब, परवानगी असली तर पंचनामा वाचतो."

त्यांनी सगळा वाचला. कोंबडा डालग्याखाली ठेवल्याचं वाचलं. आरवला की खाकरला ह्याबद्दल पंचांत मतभेद असल्याचं वाचलं. मीठ हा प्रकार धरल्याचं वाचलं. नेढ्याचं वाचताना म्हणाले, 'सदर बाईंनी तीन ओव्या म्हटल्या, त्या पंचांनी व लिहिणाराने समक्ष ऐकल्या, पुन्हा ऐकण्यास हरकत नाही.' मग ते थांबले. पुढचं कलम सोळा होतं. त्यांनी पखवाजवाल्याकडे एकदा पाहिलं, घसा साफ केला, आणि आवाज जरासुद्धा न उतरवता वाचलं: "कलम सोळा. सदर पोलीस पाटील हे प्रथम घसरले. घसरणे हे नाचणे नव्हे, सबब ते नंतर स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत, लेझमाचे चार हात नाचले. ताल दुधाच्या कॅनवर धरण्यात आला."

व्हरांडा फुटला. साहेब हसता हसता खुर्चीवरून घसरायचे राहिले. आण्णा मात्र शांतपणे उभे होते, कारण वाचन संपलं नव्हतं.

सतरावं वाक्य माझंही तेच होतं, जे जगातल्या प्रत्येक सहलीच्या निबंधात असतं: 'आणि आम्ही आनंदाने घरी परतलो.' ते कसं खरं केलं, हे मलाही ठाऊक नव्हतं. बनेश्वरहून निघाल्यावर मी आईच्या मांडीवर डोकं टेकलं होतं, त्यापुढचं मला काही आठवत नाही. तो कागद आज माझ्या कपाटात आहे, खाली आत्याचा अंगठा आणि नानाकाकाची सही. भाचरं जमली की मी तो काढते आणि दर वेळी शेवटचं कलम वाचताना माझा आवाज आण्णांसारखा सरळ राहत नाही.

"कलम सतरा," आण्णांनी वाचलं. "परतताना टेम्पोत सर्वांचे जबाब घेतले. सर्वांनी आनंद झाल्याचे सांगितले. निबंध लिहिणारी मुलगी नंदा हिचा जबाब घेता आला नाही, कारण ती झोपली होती. परंतु ती झोपेत हसत असल्याचे दोन्ही पंचांनी टेम्पो थांबवून, विजेरी लावून पाहिले. सबब आनंद शाबीत."